एकच डोंगर, चार सर्व्हर

९ नोव्हेंबर, रविवार
दुपारी प्रज्ञा हसली. माझ्याशी नाही. आतल्या खोलीत, दार लोटलेलं, कानाला हेडफोन. मी ओसरीत शेंगा फोडत होतो, हात थांबला. मंगल, तिची आई, पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. दोघं दाराकडे बघत उभे. सासरहून, भोकरहून आणल्यापासून पोरीचा हा आवाज पहिल्यांदाच.
पोटातलं बाळ आठव्या महिन्यात गेलं. नंतर थोडे दिवस सासरी राहिली, मग मी जाऊन उदगीरला आणली. इथे हाव, न्हाई, भूक न्हाई. एवढंच.
मंगल म्हणाली, "कुणाशी बोलून राहिली ती?"
"मोबाइलच्या गेममधल्या लोकांशी."
"मंग आपल्याशी का न्हाई?"
मी पुन्हा शेंगा फोडायला लागलो.

११ नोव्हेंबर, मंगळवार
मार्केटमध्ये सोयाबीनची आवक जोरात. मापाडी माणूस, दिवसभर काट्यावर उभा. कंबर धरली.
घरी येतो तोच सुनीलचा फोन. "मामा, बोलली का काही?" जावई वाईट नाही. पोरीचंच आधी विचारतो, त्यावरून कळतं. त्याची आई मागे लागली आहे, सून येणार का नाही ते एकदा सांगा म्हणून. तो म्हणाला, "आईचं सोडा. मी न्यायला येऊ का नको, एवढं तिनं तिच्या तोंडानं सांगावं. माझा फोनच उचलत न्हाई."
प्रज्ञाला विचारलं. मान वर न करता म्हणाली, "पप्पा, आता नको."
आता नको म्हणजे कधी, हे विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे, धीर झाला नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
आज तिच्या बाजेला टेकून बसलो आणि म्हटलं, मला शिकव. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.
"तुम्हाला? कशाला?"
"असंच. बघू तरी काय हाय."
तिची एक टोळी आहे. कोण लातूरचा, कोण हैदराबादचा, कुणाचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. टोळीचा किल्ला आहे. त्याच्या दरवाजाला दगड लागतो, आणि दगडाचा साठा प्रज्ञाकडे. डोंगरावर जायचं, कुदळ मारायची, घावागणिक थोडा माल बॅगेत, पाच घावांत एक दगड संपतो.
मी विचारलं, "हे दगड कुणाचे?"
"कुणाचेच न्हाईत."
"मंग कुणी दिले म्हणून घ्यायचे?" पंचशीलातलं दुसरं शील मनात आलं, न दिलेलं घ्यायचं नाही.
"पप्पा! गेम हाय." आणि तिच्या ओठाचा कोपरा हलला. हलला, मी पाहिलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मार्केटवरून आल्यावर पुन्हा शिकवणी. खरी कला कुदळीत नाही, सर्व्हर बदलण्यात आहे. एक डोंगर साफ केला की सर्व्हर बदलायचा. दुसऱ्या सर्व्हरवर तोच डोंगर, पण भरलेला. असे चार. चौथा होईतोवर पहिल्यावर दगड पुन्हा उगवलेले. घाई केली तर बोडका डोंगर समोर येतो, आणि एकदा बदलला की लगेच परत बदलू देत नाही, नुसतं बसून राहावं लागतं. उशीर केला तर दुसरेच उचलून नेतात.
पहाटे गर्दी नसते. मी तसाही पहाटे उठतो. ती म्हणाली, "मंग पहाटची पाळी तुमची. माझाच मोबाइल घेत जा."
मला पाळी दिली. मंगलला सांगितलं तर म्हणाली, "या वयात गेम! अडतीवरच्या हमालांना कळू द्या, बसवतील चावडीवर." पण बोलताना डोळे पुसत होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार
तीन पहाटा झाल्या. जमतंय. चार डोंगरांची एक फेरी, पहाटेला एवढीच, आणि तेवढ्यात माझी बुद्धवंदना होते, सावकाश म्हटली तर. वंदनेनं वेळ मोजतो हे बरं नाही, कळतं. पण मन डोंगरावर असूनही ओळ चुकत नाही.
टोळीतला नवाब हैदराबादचा. खरं नाव माहीत नाही. बेकरीत भट्टी लावून गेमवर येतो. मला म्हणाला, "चचा, तुमे तो मशीन है जी! ऐसा टाइमिंग हमारे में कोई नै मारता." बरं वाटलं, खोटं का लिहू.
सर्व्हर बदलताना मधे एक क्षण पडदा काळा होतो. मग तोच डोंगर. तीच झाडं, तीच पायवाट. मागे आपण एवढं फोडून आलो, आणि इथे काही झालेलंच नाही. पोर दिवसभर इथे का बसते ते थोडं

लिहवत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
प्र. माझ्याशी जेवताना बोलली. दगडाबद्दलच, पण बोलली. भाकरी दीड खाल्ली. "रविवारी लढाई हाय पप्पा. समोरची टोळी मोठी हाय. दरवाजा टिकला तर आपण टिकलो."
आपण म्हणाली.
सुनीलला फोन करून सांगितलं, जेवली. तो म्हणाला, "अन् माझं?" मी म्हटलं, थांब जरा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
प्र. चिंतेत. दुपारच्या पाळीवाल्यांना दगड कमी मिळतोय म्हणे. डोंगर भरतच नाहीत. "कुणीतरी घोळ करून राहिलंय पप्पा. आपला टाइम कुणाला तरी कळला." मी म्हटलं, माझ्या पहाटेला तर नीट मिळतंय, बॅगही बऱ्यापैकी भरते. थोडी कमी भरते, पण भरते. ती म्हणाली, तुमच्यामुळंच तर चाललंय.

२३ नोव्हेंबर, रविवार
विहारातून परत आलो तेव्हा लढाई चालू होती. संध्याकाळचं. प्र. च्या हेडफोनमधून आवाज बाहेर येत होता, इतके ओरडत होते. दरवाजा पडला. दुरुस्तीला दगड नव्हता.
लातूरचा एक पोरगा आहे, रॉकी म्हणवतो. तो म्हणाला, "ताई, साठा कुठं गेला? पुरून ठेवला का?" मग दुसरा कुणीतरी, "समोरच्याला इकला असंल. बाईमाणसाच्या हाती साठा दिल्यावर काय होणार?"
प्र. नं हेडफोन काढला, घडी करून उशाशी ठेवला.
मी दारात उभा. आत जावं का जाऊ नये, हेच ठरेना.

२४ नोव्हेंबर, सोमवार
पहाटे नवाब भेटला. म्हणाला, "चचा, एक बात बोलूं? चारों सर्व्हर पे पत्थर आधेच्च खडे हैं. एकेक घाव बाकी. ये कौन छोड रा?"
मी म्हटलं, मीच सोडतो.
"कायकू?"
सांगितलं. आमच्या काट्याखाली जे धान्य सांडतं ते मापाडी उचलत नाही, हमाल उचलत नाही. ते झाडणाऱ्या बायांचं. माझ्या आधीच्या मापाड्यानं मला कामाच्या पहिल्या दिवशी हेच शिकवलं. शेवटचा दाणा आपण उचलायचा नाही. तसंच इथे. चार घाव आपले, पाचवा मागून येणाऱ्याचा.
तो म्हणाला, "अरे चचा. अल्ला. पूरा टूटे बगैर नवा उगताच नै जी. आधा छोडे तो वो वैसाच खडा रैता, दिन भर."
मग पहाटे माझी बॅग कशी भरायची, असं विचारलं. तर म्हणे आदल्या दिवशी कुणी ना कुणी वैतागून थोडे फोडून टाकत होतं, तेवढेच मला नव्यानं दिसत होते.
म्हणजे दहा दिवस मी पोरीचा डोंगर रोज पहाटे उठून बंद करत होतो. वंदना म्हणत.

त्याच दिवशी, संध्याकाळी
प्र. ला चहाच्या वेळी सांगितलं. मंगल समोरच होती. मला वाटलं चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.
"तुम्ही मुद्दाम थोडंच केलं," म्हणाली. कप तसाच ठेवला.
मी म्हटलं, टोळीला सांग, माझ्या बापाची चूक. "राहू द्या पप्पा." आणि आत गेली. टोळी सोडली, एवढंच आतून म्हणाली.
मंगल म्हणाली, "एक धड काम करता आलं न्हाई तुम्हाला. तिथं तरी हसत होती लेकरू."
खरं आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
मोबाइल उशाशी पालथा. प्र. भिंतीकडे तोंड करून. हाव, न्हाई. आज न्हाईसुद्धा नाही.
विचारलं, पहाटे तुझा मोबाइल घेऊ का. हातानंच पुढे सरकवला.
टोळीत नसलं तरी डोंगरावर जाता येतं. चारही सर्व्हरवर फिरून उरलेले खुंट फोडून टाकतो. एका घावात फुटतात. त्यातून मिळत जवळजवळ काही नाही. कुणी सांगितलंही नाही. पण मीच ठेवलेत, मीच काढले पाहिजेत, एवढंच डोक्यात.
आज मार्केटमध्ये वजन घेताना दोनदा आकडा चुकला. अडत्या म्हणाला, "काका, तब्येत बरी हाय ना?" हाव म्हटलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार
नवाब मदतीला येतो. मी एका बाजूनं, तो दुसऱ्या. त्याला म्हटलं, टोळीला खरं सांग.
"बोल दिया चचा, परसोंच बोल दिया. रॉकी बोलता, बाप का करा सो बेटी का करा, एकीच बात है. पोट्टे हैं, अकल नै." मग म्हणाला, "बेटी कू बोलो, मेरे वास्ते आओ बोलके. नवी टोळी बनाते अपन."
मी कसं बोलू? घरात ती चार पावलांवर, आणि हैदराबादच्या बेकरीवाल्याला माझ्यापेक्षा तिच्याशी बोलणं सोपं.
सुनीलचा फोन. आता तोही थकला. "मामा, आई तिच्या भावाला, जळकोटच्या मामांना, मधी घालणार हाय. ते आले तर मंग बैठक, चार लोकं, त्यांच्यासमोर तिला विचारणार. मला ते नको. तिनं मला एकट्याला सांगू दे ना. नको म्हणली तरी चालंल." शेवटचं वाक्य त्याला जड गेलं.
आत जाऊन प्र. ला शब्द न शब्द सांगितला. ऐकत होती. श्वास बदलला, त्यावरून कळलं.

१ डिसेंबर, सोमवार
चारही डोंगर साफ झाले. आज पहिल्या सर्व्हरवर परत आलो तर सगळे दगड उगवलेले, पहिल्यासारखे. नवाब ओरडला, "देखो चचा, देखो!" पाहिलं. एकही फोडावा वाटला नाही. कुणासाठी फोडायचा?
वंदनेला बसलो तर मागणं सुचेना. आपल्यात मागायचं नसतंच, धम्मात मागणं नाही, हे लहानपणापासून ऐकत आलो. तरी मागावंसं वाटलं. कुणाकडे, ते न कळून नुसता बसलो.

३ डिसेंबर, बुधवार
आज पहाटेचं, विसरायच्या आत.
तिसऱ्या सर्व्हरवरून चौथ्यावर जात होतो. पडदा काळा झाला आणि डोंगराऐवजी सुनीलचं नाव आलं. मोबाइल तिचा, फोन तिला. इतक्या पहाटे तो कधी करत नाही. रात्रभर जागा असेल, किंवा बैठकीचं ठरलं असेल.
फोन कापवेना. उचलवेना. तो माझ्यासाठी नव्हता. तसाच वाजत्या मोबाइलसकट आतल्या खोलीत गेलो. प्रज्ञा जागी, बाजेवर बसलेली, गुडघे जवळ घेऊन. मी मोबाइल पुढे धरला. म्हटलं, "बाळा, मला यातलं काही कळत न्हाई. तुझं तू बघ."
तिनं नाव वाचलं. मोबाइल हातात घेतला. उचलला नाही, बंदही केला नाही. दोन्ही हातांत धरून बसली.
मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. ओसरीत मंगल उठून बसलेली. तिला हातानं थांबवलं.
वाजणं थांबलं.
तिनं उचलला, की तिकडून कट झाला, ते इथून कळायला मार्ग नाही. आत बोलणं ऐकू येत नाही. रडणंही नाही. मंगलनं चूल पेटवली आहे, चहाला तिघांचं पाणी ठेवलं आहे. मी दाराकडे पाठ करून हे लिहितो आहे. अजून दार उघडलेलं नाही.