सतरा नंबरची चोळी

कोलोनिया मिरान्दा
४ ऑगस्ट

चि. देल्फिना हिस अन्सेल्मो मामाचे अ. आ.

तुझ्या रोसारियोच्या बड्या क्लबाने जुन्या झाल्या म्हणून काढून टाकलेल्या अठरा बंड्या बसने सुखरूप पोचल्या. तू बंडी म्हणतेस, पण इथे पोरांनी तिचं बारसं करून टाकलंय. सगळे तिला चोळीच म्हणतात. गोलकीपरने मला गंभीर चेहऱ्याने विचारलं की हिला मागून हूक का नाहीत. जर्सीच्या आत ही घालून पाठीवरच्या खिशात ते काडेपेटीएवढं यंत्र बसवलं की कोण कुठे किती धावला, कुणाची छाती किती धडधडली, हे म्हणे तुला तिथे बसून कळणार. मी तीस वर्षं या संघाला शिकवतोय आणि पोरांचे कान बघून ओळखतो कोण दमलाय. कान लाल झाले की बदली. पण यंदा लीगची फायनल गाठू असं दिसतंय, ती जिंकलो तर प्रांताच्या स्पर्धेत जाऊ. तेव्हा कानांच्या जोडीला यंत्रही असू दे.

मॅच संपली की मामी यंत्रं गोळा करते आणि अंडी ठेवावीत तशी एकेक चार्जरच्या पेटीत ठेवते. पुढचं ती पेटी आपोआप तुला कळवते म्हणतात. तू प्रत्येकाला चोळीचा जो नंबर नेमून दिलास, त्याचा कागद मी कपड्यांच्या खोलीत चिकटवलाय.

आता खरं काम सांगतो. बाल्तासार चौतीसचा झाला. कमिटीवाले येता-जाता टोमणे मारतात की मामा भाच्याला पोसतोय. पाय त्याचे थकलेत की डोळे माझे, हे मला खरंच कळत नाही. तुझा तो सख्खा भाऊ, म्हणूनच तुला विचारतो. जे दिसेल ते सांग, साखर घालून सांगू नकोस. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि मग मी उगाच ओरडतो, तेव्हा उत्तर बसच्या ड्रायव्हरकडे दे.

सोबत मामीचा अंजिराचा मुरंबा आहे. माया तेवढी मुरंब्याबरोबर संपवू नकोस.

तुझा,
अन्सेल्मो मामा

रोसारियो
२० सप्टेंबर

ती. मामांस देल्फिनाचा कृ. सा. न. वि. वि.

मुरंबा ऑफिसातल्यांनी फस्त केला, मला बाटली धुवायला मिळाली. तुमच्या सगळ्या मॅचचे आकडे बघितले. पोरं छान धावतायत. लेआंद्रोचं तर कौतुक करावं तेवढं थोडं. मी गाव सोडल्यावर आला ना तो संघात? घोड्याची छाती आहे त्याची. मॅच संपली तरी दमल्याची खूण नाही. त्याला काय खाऊ घालता ते मला कळवा.

दादाबद्दल लिहायला चार दिवस टाळाटाळ केली. मामा, प्रश्न वयाचा असता तर मी थट्टेत घातला असता. तो पूर्वीपेक्षा कमी धावतोय आणि तरी त्याची नाडी चढतच जातेय. मध्यंतरात सगळ्यांची खाली येते, त्याची येत नाही. प्रत्येक मॅचला थोडं अधिकच बिघडलेलं दिसतं. मी डॉक्टर नाही, पण आमच्या इथल्या डॉक्टरांना नाव न सांगता हे दाखवलं, तर ते म्हणाले की या माणसाला आधी तपासा, तोवर मैदानावर पाऊल टाकू देऊ नका.

मला फार भीती वाटते, मामा. बाबा हृदयविकाराने गेले तेव्हा ते दादापेक्षा फार मोठे नव्हते. त्याला सेमीफायनलला बाहेर बसवा. तो चिडेल, चिडू दे. पारानाच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन हृदय तपासून घ्या. आईला एवढ्यात काही सांगू नका.

मामींना नमस्कार. माझ्यावर राग आला तरी जीव लावणं सोडू नका.

तुमची,
देल्फिना

कोलोनिया मिरान्दा
२ ऑक्टोबर

चि. देल्फिनास दादाचे आशीर्वाद (यावेळी जरा हात आखडूनच).

अभिनंदन. तुझ्या एका कागदाने जे कमिटीला दोन वर्षांत जमलं नाही ते करून दाखवलं. परवा सेमीफायनल झाली, आपण जिंकलो, आणि मी पहिल्या शिटीपासून शेवटच्या शिटीपर्यंत बाकावर घोंगडी पांघरून बसून होतो. मामी मला बिनमिठाचं सूप पाजते आणि मारियामातेपुढे मेणबत्त्या लावते. आईला कुणी सांगितलं देव जाणे, ती माझ्याकडे बघते आणि उठून आत जाते.

काल पारानाच्या डॉक्टरने मला फिरत्या पट्ट्यावर पळवलं, छातीला वायरी लावल्या, रक्त काढलं. शेवटी म्हणाला की बैलाचं काळीज आहे, तुला इथे पाठवलं कुणी? माझ्या शिकलेल्या बहिणीने, असं सांगायची मला लाज वाटली. एवढं होऊनही मामा बधत नाहीत. डॉक्टर चुकू शकतो, देल्फिना चुकणार नाही, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं.

तेरा तारखेला फायनल आहे. सोळाव्या वर्षापासून मी या क्लबासाठी खेळतोय, पण फायनल काही कधी नशिबात आली नाही. पुढल्या वर्षी भाताच्या गिरणीत माझी पाळी बदलणार, मग सरावाला कुठला येतोय. ही एकच मॅच मला हवी आहे. तुझा शब्द मागे घे आणि मामांना तसं लिही. तोवर फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

लहानपणी तुला खांद्यावर बसवून मॅच दाखवायला न्यायचो, एवढी ओळख राहू दे.

तुझा,
बाल्तासार

रोसारियो
४ ऑक्टोबर

ती. दादास देल्फिनाचा सा. न. वि. वि.

फोन खरंच उचलत नाहीस, म्हणून आत्ताच्या बसच्या ड्रायव्हरच्या पाया पडून हे पत्र देतेय. आधी शेवटपर्यंत वाच, मग हवं तेवढं रागाव.

तुझं पत्र वाचून मी सेमीफायनलचे आकडे उघडले. त्यात तू मॅचभर धावला आहेस. तुझ्या नाडीने याआधीच्या सगळ्या मॅचवर कडी केली आहे. आणि लेआंद्रो, माझा घोड्याच्या छातीचा लेआंद्रो, तो म्हणे सगळा वेळ एका जागी बसून होता.

बाकावर तू होतास, दादा. मग सतरा नंबरची चोळी कुणाच्या अंगात होती? भीतीने मी नुसती नाडीच बघत बसले, कोण कुठे धावला तो नकाशा उघडलाच नाही. आज उघडला. सतरा नंबर प्रत्येक मॅचला डाव्या बाजूला धावलाय. तू जन्मात कधी डावीकडे खेळला नाहीस.

मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. नंबर मीच वाटले होते आणि तुझ्या वाट्याला सतरा आला. रोसारियोत राहून गावाची अक्कल विसरले मी. आपल्याकडे आकडा लावणाऱ्यांत प्रत्येक आकड्याला एक अर्थ असतो, आणि सतरा म्हणजे अवदसा. तू सतरा नंबरच्या बसमध्येसुद्धा चढत नाहीस. अदलाबदल केलीस ना? ज्याच्याशी केलीस त्याला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने. तुला ठणठणीत म्हणाला त्याच डॉक्टरकडे. त्या माणसाने पायऱ्यासुद्धा चढता कामा नयेत. भांडण आपण नंतर सावकाश करू.

माझ्यावर रुसलेला असलास तरी माझाच आहेस, हे गृहीत धरून,
देल्फिना

पाराना
८ ऑक्टोबर

चि. देल्फिनास दादाचे अनेक आशीर्वाद, हात मोकळा सोडून.

लेआंद्रोच तो. पहिल्याच दिवशी मी त्याला म्हटलं की बाबा, हा सतरा तू घे, मला तुझा नऊ दे. नऊ म्हणजे ओढा, त्यात कुणाचं वाईट नाही. तो प्रार्थनेला जाणाऱ्यांतला, हसून म्हणाला की आकडेबिकडे सैतानाचा धंदा आहे, घे माझा नऊ. दोन मिनिटांत मिटलं. ती गोष्ट मी विसरूनही गेलो होतो. तुझं पत्र वाचलं आणि तसाच त्याच्या घरी पळालो.

तो यायलाच तयार नव्हता. जुलैत ताप आला होता, आणि ताप अंगात असताना हा गवंडीकाम करत राहिला, कारण घरात तान्हं बाळ. तेव्हापासून धाप लागते, पण फायनलनंतर बघू म्हणत होता. शेवटी मी त्याची बायको योआना हिला सांगितलं. तिने वाद घातला नाही, बाळ माझ्या आईच्या मांडीवर दिलं आणि नवऱ्याला दंडाला धरून ट्रकमध्ये बसवलं.

तापाने हृदयाचा स्नायू सुजला आहे. डॉक्टरने त्याला ठेवून घेतलं. फायनल खेळला असता तर काय, असं मी विचारलं, तर त्याने फक्त माझा खांदा दाबला. मी बाहेर पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. माझी अवदसा मी दुसऱ्याच्या गळ्यात घातली असं वाटत होतं. योआना येऊन शेजारी बसली. म्हणाली की सतराची चोळी तुझ्याच अंगात असती तर तुझे आकडे चांगले आले असते, आणि ह्याचे चांगले की वाईट हे कुणी वळून पाहिलं नसतं, कारण भीती तुझ्या बहिणीला तुझी होती. खरं-खोटं तिचा देव जाणे, पण मला श्वास घेता आला.

पूर्ण विश्रांती घेतली तर तो बरा होईल, कदाचित खेळेलही, असं म्हणतात. मामांना मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी मला शिव्या घातल्या, मग फायनलला माझं नाव लिहिलं.

आता फोन उचलतो. कर.

तुझा,
दादा

कोलोनिया मिरान्दा
१४ ऑक्टोबर

चि. देल्फिनास अ. आ.

हरलो. दोनाला एक. मी दोन दिवस जेवणार नाही असं मामीला वाटलं होतं, पण काल भाजलेलं मांस मी तिच्यापेक्षा जास्त खाल्लं. बाल्तासार शेवटपर्यंत धावला आणि त्याचे कान मुळीच लाल झाले नाहीत. कमिटीला मी सांगितलं की घोड्याची छाती म्हणून माझी भाची ज्याचं कौतुक करत होती तो हाच.

लेआंद्रो दवाखान्यात रेडिओवर मॅच ऐकत होता. आपला गोल झाला तशी त्याची नाडी चढली आणि नर्सने रेडिओच काढून नेला. निकाल त्याला आज कळला.

बाल्तासारने गिरणीत मुकादमाशी भांडून जुनी पाळी टिकवली. लेआंद्रो परत येईपर्यंत मी खेळणार म्हणतो. हरलेल्या संघाचा मास्तर असून मला एवढं बरं का वाटतंय, हे तुझ्या यंत्राला विचारून कळव.

आमचा दोघांचा लोभ तुझ्याकडे ठेव म्हणून ठेवलाय, तो सांभाळ.

तुझा,
अन्सेल्मो मामा

कोलोनिया मिरान्दा
२० एप्रिल

चि. देल्फिनास मामा-मामीचे अनेक आशीर्वाद.

कालच्या मॅचचे आकडे तुझ्याकडे पोचले असतील. लेआंद्रो थोडाच वेळ खेळला आणि त्याची नाडी शहाण्यासारखी वागली, हे तू फोनवर ओरडून सांगितलंस ते मला स्वच्छ ऐकू आलं. डॉक्टरने परवानगीचा कागद दिला त्या दिवसापासून योआना सरावाला रोज येऊन उभी राहते, काल मात्र ती पहिल्यांदा खाली बसली. जे आकड्यांत नाही तेवढं लिहितो.

मी लेआंद्रोला उठवून गरम व्हायला सांगितलं, पण बाहेर कुणाला बोलवावं ते ठरेना. डावीकडचा नवा पोरगा बरा खेळत होता. मी बोटं मोडत उभा होतो, तेवढ्यात बाल्तासार आपणहून रेषेकडे चालत आला. मी ओरडलो की तुला कुणी बोलावलं? त्याने दंडावरची कप्तानाची पट्टी काढली, लेआंद्रोच्या दंडावर बांधली, नीट बसली की नाही ते ओढून बघितलं आणि मग त्याला आत ढकललं.

माझ्या शेजारी येऊन बसला तेव्हा धापा टाकत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. म्हणाला, मामा, आता पुढे बाकावरूनच बघीन म्हणतो, तुमच्या शेजारी जागा ठेवा. वर्षभर जे मी त्याला सांगू शकलो नाही, ते त्याचं तोच बोलला; त्याला ना तुझा कागद लागला ना माझी हिंमत.

रविवारी ये. आपण तिघं बाकावर मावतो का ते बघू.

तुझा,
अन्सेल्मो मामा