दादाची बाटली

१२ जून
ट्रेनिंग संपलं. वाईच्या वरच्या रिसॉर्टमध्ये वाईनचं काम आता माझ्याकडे. आज पाहुण्यांसाठी फ्रेंच रेड उघडली, तर बुचाला भिजलेल्या गोणपाटाचा वास. घोटभर चाखून थुंकली. सरळ सांगितलं, खराब आहे, दुसरी आणते. नंतर मॅनेजर आत बोलावून म्हणाला, "त्यांना कळलं असतं का? तुला कुणी विचारलं?"
म्हणून तर सांगायचं, मी म्हणाले. खराब ते खराब.

३० जून
सुट्टी. कडेगाव. दादाच्या फोटोपुढे त्याची रेड वाईनची बाटली अजून उभीच. परदेशातल्या ड्यूटीवरून येताना आणलेली. "तू ग्रॅज्युएट झालीस की फोडू." माझ्या निकालाच्या महिनाभर आधी त्याचा मिलिटरीचा ट्रक दरीत गेला.
आई रोज फोटोबरोबर बाटलीलाही हळदकुंकू लावते. शेजारी समई, वर तापलेला पत्रा. रेड आडवी ठेवायची, अंधारात, गारव्यात. पण ट्रेनिंगमधून पहिल्यांदा आले तेव्हा मीच ऐटीत सांगितलं होतं, जितकी ठेवावी तितकी चांगली. तेव्हा अर्धंच शिकले होते.
आज बोलायचं होतं. आई बाटली पुसत होती.

१४ सप्टें.
आईचा फोन. "त्याचा पयला म्हाळ हाय. तीच फोडू, त्याची त्याला देऊ. तुला फोडाय येती. हिच्यासंगं खायाला काय करू?"
मटण चाललं असतं, म्हणाले.
"म्हाळाला मटण? येडी का खुळी तू."
खीर-वडेच.

२१ सप्टें.
म्हाळ झाला. बूच वाळून भुगा, अर्धं आत पडलं. चहाच्या गाळणीतून गाळली. रंग विटकरी. वासातच कळलं.
परसातल्या भिंतीवर पान ठेवलं, शेजारी ग्लास. कावळा आला, वडा उचलून गेला. आई हात जोडून तिथंच.
"ग्लासाकडं बघितलंबी न्हाई गं त्यानं. रुसला का? तू बघ, कशी हाय."
नुसतं आंबट, घसा जाळणारं. थुंकायची सवय. पण ती तोंडाकडे बघत होती. गिळली.
"चांगली आहे."
"व्हय?"
"लय चांगली."
दादा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मग उरलेल्या वाईनवर फडक्याचा बोळा कोंबला, बाटली परत समईशेजारी. "फुडल्या म्हाळापातूर आनखी चांगली हुईल. तूच म्हनलीवतीस."

५ ऑक्टो.
आज एक बाटली खराब निघाली. पाहुण्यांना सांगितलं, पण मान वर होईना.
संध्याकाळी आईचा फोन. गल्लीत सगळ्यांना सांगितलंय, पोरीनं सोता चाखून बघितली.
"आई, समई बाटलीपासून जरा लांब ठेव."
"का गं?"
ऐकू येत नाही म्हणाले. रेंज नाही.
रेंज होती.