पेंढ्याखालचे कांदे

बाबा,

तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. चिनूला लस टोचून आणते. भात कुकरमध्ये आहे, आमटी तेवढी गरम करून घ्या.

आणि आज तरी परसात जाऊन तुम्ही लावलेल्या कांद्यांवरचा पेंढा उचलून बघू नका. रोज बघता, तेवढी थंडी आत शिरते. शेजारच्या हेलनबाई म्हणतात, खाली ते नुसते झोपलेत. मला बोलायचा हक्क नाही म्हणा. चिनू गाढ झोपली की मीही नाकाखाली बोट धरून बघते, आणि ती दचकून उठते.

सकाळी खिडकीशी तिला पाजताना माझे डोळे मिटले, तर सगळ्या बर्फावर हिरवी पात डुलत होती आणि तुम्ही तिला कडेवर घेऊन पातीतून हिंडत होता.

काल म्हणालात, "मेल्या कांद्यांची राखण करायला शिकागोत कशाला राहू? मार्चात जातो आपला नाशिकला." ह्यांनी तुमचं तिकीट अजून काढलेलं नाही. मीच थांबवलंय. जूनमध्ये कांद्याच्या पातीनं मान टाकली की काढायचा, असं तुम्हीच सांगितलंत ना? मला एकटीला ते ओळखता यायचं नाही.

प्रतिमा