पिठाची गिरणी

धारूर,
१८ फेब्रुवारी

प्रिय वनमाला,

सप्रेम जयभीम.

पाकीट बघून तू दचकली असशील. घरात दोन-दोन मोबाईल असताना मोठ्या जावेनं पत्र कशाला पाठवावं? फोन केला असता तर मी गोड बोलले असते, तू गोड बोलली असतीस आणि पाच मिनिटांत "बरं, ठेवते" झालं असतं. तसं गेल्या आठ महिन्यांत चार-पाचदा झालंच आहे. आज मला गोड बोलायचं नाही, म्हणून वहीतली पानं फाडून बसले आहे.

इकडे सगळे बरे आहेत. सतीशची आगारात सकाळपाळी चालू आहे, चारला घरी येतात. त्यांचे हात कितीही धुतले तरी ऑइलचा वास जात नाही. खोली बरी आहे, खिडकीतून किल्ल्याचा एक बुरूज दिसतो. आत्याबाईंच्या गुडघ्याचं काय? तेल संपलं असेल तर कळव. शहादेवभाऊजी कारखान्यावरून कधी येणार? ट्रॅक्टर रात्रीचा चालवू नका म्हणावं. तुझा छोटा आता पळत असेल. मी निघाले तेव्हा भिंत धरून उभा राहायचा आणि तू भाकरी थापता थापता एका पायानं त्याला चुलीपासून मागं ओढायचीस.

त्याच चुलीपाशी हे सगळं सुरू झालं, म्हणून तिथूनच सांगते.

संबोधी दुसरीत होती. घडाघडा वाचायची. निदान मी तसं समजत होते. चौदा वर्षं मी पहिली-दुसरीच्या वर्गाला शिकवते, माझी मुलगी वाचणार नाही तर कोणाची वाचणार? पाहुणे आले की पुस्तक तिच्या हातात द्यायचे आणि ती धडाच्या धडा म्हणून दाखवायची. एका संध्याकाळी ती तुझ्यापुढं बसून वाचत होती. तू पीठ लागलेला हात पुसलास, चित्रावर तळवा ठेवलास आणि खालच्या ओळीतल्या एका शब्दावर बोट टेकवून विचारलंस, एवढंच काय लिहिलंय? पहिल्यापासून म्हणू का, संबोधी म्हणाली. तू हसून तिला खेळायला पाठवलंस. ती गेल्यावर हळू आवाजात मला म्हणालीस, "अक्का, पोरीला पाठ हाय. वाचता न्हाई येत."

तो शब्द मला अजून आठवतो. 'कमळ' होता. तीन अक्षरं, काना नाही, मात्रा नाही. वनमाला, मी त्या रात्री जेवले नाही. तुम्हा सगळ्यांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मुलीला वाचता येत नाही याचं दुःख झालं, नाही असं नाही. पण खरं दुःख दुसरंच होतं. जे मला दोन वर्षांत दिसलं नाही ते तुला एका तळव्यानं दिसलं. मी डी.एड., तू दहावी नापास. हे मी तेव्हा मनातल्या मनात अगदी याच शब्दांत म्हटलं होतं. आज लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

नंतर कधीतरी तू मला सांगितलंस की तूही अकरा वर्षांची होईपर्यंत तशीच होतीस. दरवर्षी दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला, पाडव्यानंतर परत, शाळेत नाव आहे पण अक्षर ओळखीचं नाही. कारखान्यावर शेजारच्या पाचटाच्या कोपीत ताराबाई म्हणून कोणी सातवी शिकलेली बाई होती. ती चुलीतली राख पसरून तुझं बोट धरायची आणि म्हणायची, अक्षराचं नाव नको सांगू, ते बोलतं कसं ते सांग. ते ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी शाळेत सहकारी बाईंना म्हणाले, आमची जाऊ राखेतलं शिक्षण देते पोरीला. सगळ्या हसल्या. मीही हसले.

तू मात्र नेमानं बसवायचीस. शाळेतून आल्यावर वीस मिनिटं, एक मिनिट जास्त नाही. परातीत पीठ पसरून ती अक्षर काढायची आणि त्याचा आवाज म्हणायची. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून तू अक्षरांच्या चिठ्ठ्या केल्या होत्यास आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या होत्यास. 'मगर'मधला म काढून घेतला तर काय उरलं? गर. गराला न लावला तर? नगर. मी वर्गात 'क ला काना का' घोकून घ्यायचे. संबोधीला अख्खी बाराखडी तोंडपाठ होती, पण मधलंच 'कि' दाखवलं की ती पहिल्यापासून मोजत यायची. तू म्हणालीस, "काना म्हणू नगंस, वेलांटी म्हणू नगंस. हा आ हाय, ही इ हाय. जोड आन् बोल." आणि घ, ध मध्ये ती अडकली तेव्हा तू तीन आठवडे फक्त त्या दोन अक्षरांवर थांबलीस. मी असते तर तीन मिनिटांत ओरडले असते.

मी आतल्या खोलीत वह्या तपासत बसायचे. एकाच वहीवर अर्धा अर्धा तास लाल पेन धरून. कान उंबऱ्याकडं. तिचं हसू ऐकू यायचं. माझ्यापुढं पुस्तक उघडलं की ही पोर घशात काटा अडकल्यासारखी बसायची, आणि तुझ्यापुढं चुकायची आणि हसायची. चुकल्यावर कोणी हसतं का गं?

मग तो बाजाराचा दिवस. तुला मी हा प्रसंग सांगितलेला नाही. संबोधी स्कूटीवर माझ्या मागं बसली होती. वळणावर गाडी हळू केली तशी ती मागून पुटपुटायला लागली, पि... ठा... ची... मी दुर्लक्ष केलं. आणि एकदम ओरडली, पिठाची गिरणी! आई, तिथं पिठाची गिरणी लिहिलंय! मी विचारलं, कोणी सांगितलं तुला? म्हणाली, कोणीच नाही, मी आवाज जुळवले. मग माझ्या पाठीवर दोन्ही हातांनी मारत म्हणाली, गाडी पळव ना, काकूला सांगायचंय.

ज्या क्षणाची मी महिनोन्महिने वाट पाहिली तो माझ्या पाठीमागं झाला. मला तिचं तोंडसुद्धा दिसलं नाही. आणि मी तिला तुझ्याकडं घेऊन जाणारी गाडी तेवढी होते. घरी आल्यावर ती उडी मारून आत पळाली आणि तू तिला पिठाच्या हातांनीच उचललंस. मी बाहेर भाजीची पिशवी धरून उभी होते. तू हाक मारलीस, अक्का, ऐकलं का! मी म्हणाले, हो, ऐकलं, आधी कोथिंबीर निवडायला घे.

त्याच आठवड्यात मी बदलीचा ऑनलाइन अर्ज भरला. पहिली पसंती धारूर.

सगळ्यांना वाटलं, मी सतीशसाठी गेले. आत्याबाई तर म्हणाल्या, लई शहाणी सून, नवऱ्याच्या जेवणाचे हाल बघवले नाहीत तिला. सतीश नऊ वर्षं विनवत होते, इकडे बदली घे म्हणून. नऊ वर्षं मी हलले नव्हते. तुमच्यातून, त्या घरातून निघायचं माझ्या जिवावर यायचं. आणि मग एका पाटीवरच्या दोन शब्दांनी मला उठवलं. सामान भरताना तो चिठ्ठ्यांचा डबा तूच टेंपोत ठेवलास, फडक्यात बांधून. इथं आल्यावर संबोधीनं तो मागितला तेव्हा मी सांगितलं, टेंपोतच राहिला वाटतं. तो माझ्या कपाटात आहे. साड्यांच्या खाली.

आता फोनचं. पहिले पंधरा दिवस रोज सहा वाजता तू फोनवर तिचा अभ्यास घ्यायचीस. ती मोबाईल घेऊन पायरीवर जाऊन बसायची आणि दार लोटून घ्यायची. माझंच दार, माझ्याच तोंडावर. मग मी तुला म्हणाले, वनमाला, तिचं आता छान चाललंय, गरज नाही, तुझा वेळ कशाला घालवतेस. तू विचारलंस, "माझं काय चुकलं का, अक्का?" मी म्हणाले, अगं छे, वेडी का काय. एवढं तुला माहीत आहे. त्याच संध्याकाळी मी संबोधीला काय सांगितलं ते तुला माहीत नाही. मी सांगितलं की काकूला कंटाळा आला. तू सारखी सारखी चुकतेस, म्हणून ती आता फोन घेणार नाही.

ती रडली नाही. नुसती मान हलवली. मला वाटलं, बरं झालं, आता माझी.

मग मीच शिकवायला घेतलं. तक्ते केले, वेळापत्रक केलं. चौथ्या दिवशी तिच्या पाठीत धपाटा घातला. दिवाळीपर्यंत ती पुन्हा धडे पाठ करायला लागली. पाठ केलेलं आणि वाचलेलं, दोन्हींतला फरक आता मला ऐकू येतो. तो तूच मला ऐकायला शिकवलास. तरी मी शाबासकी देत राहिले, कारण ते ऐकायला बरं वाटत होतं.

मागच्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी शाळेच्या टाकीमागं हात धुवायला गेले. तिकडं संबोधी माझ्या वर्गातल्या संस्कृतीला घेऊन बसली होती. संस्कृती म्हणजे जिच्या नावापुढं मी वर्षभर 'अप्रगत' लिहीत आले ती. दोघींमध्ये औषधाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून केलेल्या चिठ्ठ्या. आणि माझी लेक, जी घरात माझ्यासारखं पुस्तकी बोलते, ती तिला म्हणत होती, "घाई न्हाई करायची. तोंडानं बोल, कानानं ऐक. आता जोड." तुझा शब्द, तुझा सूर, तुझ्यासारखी मान तिरकी. संस्कृतीनं ओठ हलवले आणि वाचलं, गवत. माझ्या वर्गात आल्यापासून तिनं वाचलेला तो पहिला शब्द, तोही वर्गाबाहेर.

आणि मला काय वाटलं असेल? आनंद? वनमाला, माझ्या छातीत आग लागली. शंभर किलोमीटर दूर आणलं तरी तू माझ्या मुलीच्या तोंडातून बोलत होतीस. तेवढ्यात तिनं मला पाहिलं आणि सगळ्या चिठ्ठ्या फ्रॉकखाली ओढल्या. घाबरून. चोरून खाताना सापडल्यावर लपवतात तशा. शिक्षिकेच्या मुलीला अक्षरं लपवावी लागतात, ती आईपासून. मी हात न धुताच मागं फिरले.

त्या रात्री नव्हे, परवा रविवारी तिचं दप्तर धुवायला काढलं तर आतल्या कप्प्यात एक चौघडी केलेला कागद होता. वर लिहिलं होतं, 'काकू, शिरूर'. मी तो वाचला. तुझं पत्र फोडल्याबद्दल माफ कर. कागद सोबत ठेवला आहे, पण तू आधी हे वाचत असशील तर त्यात असं आहे :

'काकु मि रोज सराव करते. आता घ आनि ध चुकत नाहि. मि संस्क्रुतीला पण शिकवते. तु माझा राग सोड. आईला सांगु नको तीला वाइट वाटत. संबोधी.'

तिनं स्वतःच्या मनानं लिहिलेलं हे आयुष्यातलं पहिलं पान. न केलेल्या चुकीची माफी तुझ्याकडं मागितली आहे, आणि वर मला सांभाळून घेतलं आहे. आठ वर्षांच्या पोरीला कळलं होतं, आईला कशाचं वाईट वाटतं ते. मी चौदा वर्षांच्या सवयीनं पेन उचललं होतं. ठेवून दिलं. एकही वेलांटी सुधारलेली नाही, तशीच पाठवते आहे.

काल संध्याकाळी तिला समोर बसवून मी सगळं सांगितलं. काकूला कंटाळा आला नव्हता, मी खोटं बोलले. फोन मी बंद केला. डबा कपाटातून काढून तिच्या मांडीवर ठेवला. मला वाटलं, ओरडेल, रडेल, का असं केलंस म्हणून विचारेल. तिनं झाकण उघडून चिठ्ठ्या मोजल्यासारख्या चाळल्या आणि एवढंच विचारलं, मग आज फोन करू? मी म्हणाले, आज नको, आधी माझं पत्र काकूला मिळू दे. तिनं विचारलं, किती दिवस लागतात? मी म्हणाले, चार. म्हणून हे पत्र, वनमाला. तुला आधी माझ्याकडून कळावं, मग तिचा आवाज यावा. शनिवारी सहा वाजता फोन येईल, तो उचल. माझ्यावरचा राग तुला हवा तितके दिवस ठेव, मी तो मागं घ्यायला सांगणार नाही. मत्सर गेला असंही म्हणणार नाही. या वेळी ती आत बसून दार लोटून घेईल आणि मी बाहेर पायरीवर बसेन, तेव्हा माझे कान आतच असतील. पण दार मी उघडणार नाही.

तुझीच,
यशोधराअक्का