सात सुरकुतलेले दाणे

१४ जानेवारी

— सातही बोटाने कडेला सारले. ताटलीत उरले चौतीस. मोजले, वजन केलं, पाकिटावर आकडा लिहिला. कडेचे सात केराच्या पिशवीत. काळपट, सुरकुतलेले. असले दाणे डोळ्यांआधी बोटांना कळतात.

आई लातूरला डाळ मिलमध्ये निवडायला बसायची. सुट्टीत मी तिच्या शेजारी. कधी मसुराची पोती यायची, बाहेरची. त्यांच्यावरची इंग्रजी अक्षरं मी वाचून दाखवायचे — कॅनडा. "वाच खुशाल. हात थांबवू नको."

आता त्या पोत्यांच्या मुलखात आले आहे. चार दिवस मसुराच्या लॅबमध्ये काम, एक दिवस वर्ग. गळ्यातल्या बिल्ल्यावर लिहिलंय — डिग्री अप्रेंटिस. आई जाऊन चौदा महिने झाले.

लोर्ना मागून बघत होती. इथली टेक्निशियन, एकतीस वर्षं. "कृतिका, यू आर फास्ट!" बरं वाटलं.

१५ जानेवारी

उणे एकतीस. बस चुकली. पापण्यांवर बर्फ.

१७ जानेवारी

सकाळी लोर्ना ड्रॉवर उघडत होती, लावत होती.

"सात दाणे होते. सुरकुतलेले. तेच तर हवे होते!"

मूळकूज झालेल्या मातीत एकच झाड जगलं होतं. रानटी मसुराशी संकर करून तिने नऊ वर्षं खपून तयार केलेलं. त्याच्या शेंगा तिने स्वतःच्या हाताने सोलल्या. एक्केचाळीस दाणे. त्यात सात वेगळे, रानटी मसुराच्या वळणाचे. ते नंतर बाजूला काढू म्हणून सगळे एकत्रच ठेवले आणि मला मोजायला दिले.

मी मोजायच्या आधी निवडले. कुणी सांगितलं नव्हतं. मोजायचं म्हणजे आधी निवडायचं — यात विचारायचं काय?

पाकिटावरचा चौतीस आकडा बघून ती म्हणाली, "म्हणजे मी ते आधीच वेगळ्या पाकिटात घातले असणार. कुठे ठेवलं?"

मी म्हणाले, शोधू या.

तेवढंच म्हणाले. आणि तिच्याबरोबर शोधायला लागले.

बियांचा केर इथे वाफेवर शिजवून मगच टाकतात. एकही दाणा बाहेर रुजू नये म्हणून. बुधवारीच गेला.

२० जानेवारी

हेमचंद्र सरांची मीटिंग. सर लॅबचे प्रमुख; पुण्याचे, पण इथे पंचवीस वर्षं झाली. लोर्ना खाली बघत बसली होती. सर तिला म्हणाले, चौतीस भावंडं आहेत ना, त्यांच्यातून पुन्हा काढता येतील. दोन-तीन वर्षं जातील, इतकंच.

लोर्ना जूनमध्ये रिटायर होणार.

नंतर कॉफीच्या मशीनपाशी सर मराठीत — "तिच्यावर जरा लक्ष ठेव हं. नोव्हेंबरपासून विसरायला लागलीय. ग्रीनहाउसची किल्ली दोनदा फ्रीजमध्ये सापडली."

मी मान हलवली.

२३ जानेवारी

ईशिताला सांगितलं. बेसमेंटमधल्या दोन खोल्यांत दुसरं आहे कोण! ती पोळी लाटत होती. थांबली नाही.

"इव्हॅल्युएशन कधी आहे?"

"अठ्ठावीस फेब्रुवारी."

"मग तोंड शिवून घे. फेल झालीस तर प्रोग्रॅम गेला, परमिट गेलं. लातूरला जाऊन काय सांगशील — डाळ निवडली म्हणून हाकलली?"

हसलो दोघी. मग ती म्हणाली, "तशीही विसरतेच ना ती?"

पोळी करपली.

३० जानेवारी

लोर्नाला ते पाकीट आता आठवतं. निळ्या शाईत नंबर घातला होता म्हणते. कोपरा दुमडला होता. असं पाकीट कधी नव्हतंच! पण ती इतकं नीट सांगते की क्षणभर मलाही ते दिसतं.

६ फेब्रुवारी

आज काही लिहीत नाही.

११ फेब्रुवारी

लोर्ना डॉक्टरकडे जाऊन आली. डबा खाताना सांगितलं. पाच शब्द ऐकवतात, थोड्या वेळाने विचारतात.

"तीन आले. पण त्यांनी 'मखमल' विचारलं! गेल्या चाळीस वर्षांत मी मखमल बोललेली नाही."

सगळे हसले. तिने सँडविच अर्धं ठेवलं. मग फक्त मला — "शब्दांचं काही नाही गं. पण ते सात दाणे? ते मी विसरेन?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडात घास होता. चावत राहिले.

१९ फेब्रुवारी

लोर्ना जूनपर्यंत थांबणार नाही. मार्चअखेर सोडते आहे. मुलगी रेजिना शहरात असते, तिच्या घरी जाणार. एकटीने राहायची आता भीती वाटते म्हणाली. गाडी विकायला मुलीला सांगितलंय.

सर म्हणाले, "त्या पाकिटानं तिचा कॉन्फिडन्सच गेला बघ."

किल्ली तिने हरवली. ते मी केलेलं नाही. पण ती किल्लीबद्दल बोलतच नाही. बोलते ती दाण्यांबद्दल.

आई मिलमध्ये मुकादमाला स्वतः जाऊन सांगायची — या पोत्यात माझ्याकडून खडे राहिले, परत द्या. बाकीच्या बायका हसायच्या. मीही हसायचे.

२८ फेब्रुवारी

पास झाले. सरांनी कागद वाचायला दिला. लोर्नाने लिहिलंय — हिचे हात काळजीपूर्वक काम करतात, हिला ठेवून घ्या.

वॉशरूममध्ये जाऊन उभी राहिले. नळ सोडून.

३ मार्च

सांगितलं.

ग्रीनहाउसमध्ये. ती चौतीस भावंडांच्या कुंड्यांना पाणी घालत होती. त्यातली पंचवीस उगवली आहेत. म्हणाले, लोर्ना, ते पाकीट नव्हतंच. सात दाणे मी टाकले. चौदा जानेवारीला. खराब वाटले म्हणून.

तिने पाण्याची नळी खाली ठेवली. पाणी बुटांवर येत होतं.

"सूपसाठी साफ करतात, तसे?"

"हो. तसेच."

"आणि मी ड्रॉवर शोधत होते तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"सगळा वेळ?"

"हो."

ती पालथ्या बादलीवर बसली. मला वाटलं, आता सरांना बोलावणार. बोलवू दे.

मग हसली. डोळ्यांत पाणी. "देन आय डिडन्ट लूज देम. मी हरवले नाहीत!" हे तीन-चार वेळा म्हणाली. माझा हात धरला, बोटं उलटी-पालटी करून बघितली. म्हणाली, आय अ‍ॅम व्हेरी अँग्री विथ यू. उद्या नीट रागावेन. आज नाही.

तिथूनच मुलीला फोन लावला. गाडी विकू नको म्हणाली. मी बाहेर येईपर्यंत ती फोनवर मोठ्याने बोलत होती.

सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "हे जानेवारीत सांगायचंस, कृतिका." लेखी द्यावं लागेल. पुढचं कमिटी बघेल. देईन.

घरी आल्यावर ईशिताला सांगितलं, तशी ती उठून आपल्या खोलीत गेली. माझं ताट मात्र वाढून ठेवलं होतं.

जेवले. दीड महिन्यात पहिल्यांदा भूक लागली.

४ मार्च

लवकर गेले. ती रागावणार होती, म्हणून.

लोर्ना जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. खालचे सगळे ड्रॉवर बाहेर काढलेले.

"मॉर्निंग, कृतिका! एक पाकीट आहे बघ. सात दाणे. निळी शाई, कोपरा दुमडलेला. पाहिलंस कुठे?"

कोट न काढताच तिच्या शेजारी बसले. पहिल्यापासून सांगितलं.