आडवा हात

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. फोन कट करता येतो, कागद फार तर फाडता येतो, आणि तू तो फाडणार नाहीस. शाळेचे निकालसुद्धा तू कधी फाडले नाहीस, नुसते गादीखाली सारून मोकळा झालास. हेही गादीखाली सारायचं तर सार, पण आधी शेवटपर्यंत वाच. मामीला मी सांगून ठेवलंय, त्याचं वाचून होईपर्यंत त्याला चहा द्यायचा नाही म्हणून.

आधी घरची बातमी. माझ्यापायी आईने स्टीलची सगळी भांडी माळ्यावर टाकली होती, हे तुला माहीत आहे. चमचा पडला तरी मी टेबलाखाली जायची, तेव्हा तिने प्लास्टिकच्या ताटल्या आणल्या, दारांच्या कडांना कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि शेजारच्या पोरांना जिन्यात धावायची बंदी केली. सगळं घर चवड्यांवर चालत होतं. परवा माझं डोकंच फिरलं. शिडी लावून भांडी खाली काढली आणि आईच्या डोळ्यांदेखत एक भलंमोठं पातेलं हातातून फरशीवर सोडलं. आई किंचाळली. मी खुर्चीत बसून राहिले. दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या, पण खुर्ची सोडली नाही. मग उठून ते उचललं आणि परत टाकलं. मग आणखी एकदा. तेव्हा आई ओरडली, अगं पोचे पडतील, चांगलं भांडं आहे ते! इतक्या महिन्यांनी ती माझ्यावर ओरडली, दादा. मला इतकं बरं वाटलं की मी रडलेच. आता आम्ही स्टीलच्या ताटात जेवतो आणि पातेल्याला खरंच पोचा पडलाय.

तू गेल्यापासून मी एका डॉक्टरीणबाईंकडे जाते. पहिल्या दिवशी त्यांना ठणकावून सांगितलं की मी वेडी नाही. त्या म्हणाल्या, बरं, मग बसा. बाई चिवट आहेत. डोळे मिटून तो दिवस पहिल्यापासून मोठ्याने सांगायला लावतात, आत्ता समोर घडतोय असा. मी वर क्रेनच्या केबिनमध्ये आहे. भाऊ, म्हणजे तू, खाली उभा आहे, खुणा करतोय. भारे बांधणाऱ्या नानांनी लोखंडी गजांचा भारा पट्ट्यांनी बांधलाय आणि नेहमीसारखी त्यावर थाप मारून बाजूला झालेत. भाऱ्याला थाप मारल्याशिवाय नाना कधी सोडायचे नाहीत, जशी काही गाय चरायला पाठवतायत. मग भाऊचं बोट वर जातं, गोल फिरतं, म्हणजे उचल. मी उचलते. आणि तिथून पुढे काही नाही. एकदम धूळ, तो गजांचा आवाज आणि खाली धावणारी माणसं. मधला तुकडाच गायब. बाई म्हणायच्या, असू दे, पुन्हा पहिल्यापासून सांगा. मी आतल्या आत त्यांना शिव्या घालायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

सल्ले द्यायला तर गाव लोटलं होतं. विसरून जा. देवाची मर्जी. बाईमाणसाने त्या उंचीवर कशाला जायचं मुळात. कंत्राटदार स्वतः घरी आला, सोफ्यावर टेकला आणि म्हणाला, गोडाऊनमध्ये खुर्चीचं काम देतो, पासावर सह्या करायच्या, डोक्याला ताप नाही. मी विचारलं, तो सडका पट्टा मोडीत काढा म्हणून नानांनी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं? त्याला एकदम दुसरीकडे जायचं आठवलं. चहाही न पिता गेला. आई म्हणाली, तोंडाला काही लगाम? मी म्हटलं, होता, तो आता काढला.

सगळ्यांचं प्रेमच होतं, तेही कबूल. पण आपल्या कामाचा नियम तूच मला शिकवलास ना? उचल म्हणायचा हक्क एकाचाच, पण आडवा हात, थांबण्याची खूण, कोणीही करावी, अगदी झाडूवालीनेही, आणि क्रेनवाल्याने ती पाळलीच पाहिजे. तर दादा, घरातले, दारातले सगळे मला आडवा हात दाखवत होते आणि मी नियमाने थांबून राहिले. मग एक दिवस लक्षात आलं की आडवा हात असतो तो तपासून बघेपर्यंत. बघून झालं की खाली करायचा असतो. आमच्याकडे तो कोणी खाली करायलाच तयार नव्हतं.

मग मी माझं काम माझ्याच पद्धतीने सुरू केलं. बाईंनी सांगितलं होतं, ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ थोडंसं जायचं, तिथे थांबायचं, भीती उतरू द्यायची, मग पुढे. मला हसू आलं. म्हटलं, बाई, हे आम्ही रोज करतो. कुठलाही भारा आधी वीतभर उचलायचा, तसाच धरायचा, पट्टे बघायचे, मग वर न्यायचा. त्यांना ते इतकं आवडलं की आता त्या इतरांनाही ते सांगतात म्हणे. आधी नुसती साइटच्या फाटकापर्यंत गेले आणि गजांचा खणखणाट ऐकत उभी राहिले. तिथल्या वॉचमनला वाटलं मी कुणाची वाट बघतेय, त्याने स्टूल दिलं. पुढे क्रेनच्या पायथ्याशी गेले, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, उतरले, घरी आले. एकदा अर्ध्यावर चढले आणि तिथूनच खाली येऊन भिंतीशी ओकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. का नको जाऊ? त्या केबिनमध्ये मी माझा अर्धा जन्म काढलाय, माझी उशी आहे तिथे, माझा आरसा आहे. एका सडक्या पट्ट्यापायी ती जागा सोडून देऊ? अजूनही काही सकाळी जाग येते तीच दचकून. येऊ दे. उठते, दात घासते आणि जाते.

मामी म्हणते, तू दुकानात कापड दाखवतोस तेही डाव्या हाताने. जेवतोसही डाव्याने. उजवा सदा खिशात. गिऱ्हाइकांना वाटतं काही दुखापत आहे. मामाने विचारलं तर तू म्हणालास, सवय झालीय. मला बनवू नकोस. चौकशीत तू उभा राहून सांगितलंस की माझा हात वरच राहिला, भारा कलताना दिसत असूनही मला तो आडवा करता आला नाही, नाना माझ्यामुळे गेले. आणि तुझ्यानंतर मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, मला काही आठवत नाही. तू माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंस ती मी विसरलेले नाही. तुला वाटलं बहीण भावाला पाठीशी घालतेय. त्याच आठवड्यात तू मामाकडे निघून गेलास.

सोमवारपासून मी नव्या साइटवर वर चढतेय. पट्टे मी स्वतः तपासणार, हे लिहून घेतलंय. तू आलास तरी चढणार, नाही आलास तरी चढणार. तिथल्या इंजिनीअरबाईंनी विचारलं, खाली खुणेला कोण? मी म्हटलं, कळवते. पण त्यासाठीही हे पत्र नाही. गेल्या आठवड्यात बाईंसमोर पुन्हा पहिल्यापासून सांगत होते आणि तो मधला तुकडा सापडला. तुझं बोट फिरतंय. फिरता फिरता ते थांबतं. आणि तुझा हात आडवा होतो, खांद्यापासून सरळ, पंजा पालथा, तू सगळ्यांना शिकवतोस अगदी तसा. मी केबिनमधला क्रेनचा दांडा मध्ये आणते. भारा थांबतो. थांबून लटकत होता, दादा, आणि पट्टा तुटला तो त्यानंतर. नाना भाऱ्याखाली राहिलेला डबा घ्यायला त्याच वेळी का वळले ते तेच जाणोत. दांडा मधोमध सापडला, हे चौकशीवाल्यांनीही लिहिलंय. त्यांना वाटलं मी घाबरून सोडला आणि तो आपोआप मध्ये आला. मी सोडला नव्हता, तुझा हात बघून थांबवला होता. भारा कलला हे मला वरून दिसतच नाही, तुला माहीत आहे. मला फक्त तुझा हात दिसतो. त्या क्षणी खाली सगळे भाऱ्याकडे बघत होते, तूसुद्धा. हाताकडे बघत होते ती मी एकटीच. तो वेळेवर आडवा झाला होता. आता तो खिशातून बाहेर काढ.

तुझीच, वरून बघणारी,
घार