सॉफ्टवेअरने गप्प बसलेल्या माणसाला कचरा समजू नये, याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
संगणक प्रणाली विभाग,
अ‍ॅनिमेशन चित्रपट केंद्र, तिसरा मजला.

विषय : नव्या अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरमधील ‘सारखी चित्रे आपोआप काढून टाकणे’ ही सोय बंद करण्याचे बटण मिळणेबाबत, तसेच सोमवारचे अपडेट माझ्या यंत्रावर न करणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज, व त्या सर्वांना आलेले ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ हे एकच उत्तर.

महोदय,

१. मी दुसऱ्या मजल्यावर चित्रांना चालतेबोलते करण्याचे काम करते. सदर सॉफ्टवेअर निवडणाऱ्या समितीतील एकाही सदस्याने आयुष्यात साधा टप्पा खाणारा चेंडूसुद्धा काढलेला नाही. त्यामुळे त्यांचे मन कोणत्याही पूर्वग्रहापासून मुक्त होते, हे मी कौतुकाने नमूद करते.

२. किरकोळ सूचना आधी सांगते. ‘जतन करा’ आणि ‘कायमचे पुसा’ ही बटणे सख्ख्या जावांसारखी एकमेकींना खेटून बसवली आहेत. त्यांच्यात थोडे अंतर ठेवावे, घर टिकते. प्रणाली उघडताना नमनालाच घडाभर तेल जाते : ती आधी स्वागत करते, मग नवे काय ते सांगते, मग ‘आज तुम्ही आनंदी आहात का?’ असे विचारते. उत्तरादाखल ‘हो’ आणि ‘नंतर विचारा’ एवढेच पर्याय आहेत. काम बिघडले की ‘अरेरे, काहीतरी चुकले!’ असा फलक येतो आणि कोपऱ्यातला हसरा दिवा नाचू लागतो. काय चुकले ते सांगावे. नाचण्याची गरज नाही.

३. आता मूळ पदावर येते. माझी थोरली बहीण गाऊन प्रवचन करीत असे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तिचा आवाज गेला आणि तो परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. तिच्या शेवटच्या प्रवचनाचे ध्वनिमुद्रण आमच्यापाशी आहे. त्यावर, प्रवचन सांगणारी ताईच रेखाटून, चित्रपट करण्यास केंद्राने मंजुरी दिली असून, येत्या महिन्यात तो सभागृहात दाखवला जाईल, तेव्हा ताई पहिल्या रांगेत बसणार आहे.

४. त्या प्रवचनात एका आंधळ्या द्वारपालाची गोष्ट आहे. जन्मभर त्याने देवाला हाका मारल्या. एके दिवशी दार वाजते. तो विचारतो, “कोण?” इथे ताई डोळे मिटून गप्प होई. सभागृहात खोकणारेसुद्धा खोकला गिळत. मग ती अगदी हलक्या सुरात म्हणे, “तू बोलावलंस, तो.” मी ते पुष्कळदा ऐकले आहे. दर वेळी पाठ असलेले उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागे.

५. माणूस स्तब्ध बसला की आमच्या धंद्यात तेच चित्र ओळीने पुन्हा पुन्हा लावावे लागते. आपल्या प्रणालीला ती अडगळ वाटते. ती ही चित्रे, त्यांच्याखालच्या ध्वनिपट्टीसकट, परस्पर कचऱ्यात टाकते आणि ‘तुमचा वेळ वाचवला!’ असे कळवते. परिणामी “कोण?” म्हणताक्षणी “तू बोलावलंस, तो” येते. जणू देव नव्हे, पार्सलवाला आला आहे. ताईला हे दाखवले. तिने पडद्यावरच्या स्वतःकडे बोट दाखवत पाटीवर लिहिले, “हिला पुढची गाडी पकडायचीय का गं?” मी हसले, ती हसली नाही. पाटी पुसून तिने भिंतीकडे तोंड केले.

६. मी मदतकक्षाला फोन केला. तेथील गृहस्थ म्हणाले, “मॅडम, बाई नुसत्या बसल्यात ना? मग काहीतरी हलतं ठेवा की!” देव त्यांचे भले करो. त्यांच्या सल्ल्यानुसार मी मागच्या भिंतीवर एक माशी काढली. चित्रे वाचली. तथापि, ‘सर्वाधिक हलणारे ते मुख्य पात्र’ असा आपल्या प्रणालीचा आणखी एक सिद्धांत आहे. तिने चौकट माशीवर नेली. ताईचा कडेला एक कान उरला. पुढे ‘मुख्य पात्राचे ओठ आवाजाशी जुळवा’ या सोयीने आपले कर्तव्य बजावले आणि देवाचे उत्तर माशीच्या तोंडी घातले. याबद्दल तक्रार केली असता, “पण ओठ अचूक जुळलेत!” असे सांगण्यात आले. जुळले आहेत, हे मी मान्य करते.

७. महोदय, ताईचा आवाज गेला. गप्प राहणे तेवढे तिच्यापाशी उरले आहे, आणि ते तिला आजही तेव्हासारखेच येते. त्या पडद्यावर ती स्वतःला ओळखेल अशी तेवढीच एक जागा आहे. आपण ती अडगळीत काढू नये.

८. हे सारे चाचणीच्या यंत्रावर घडले. माझ्या यंत्रावर अद्याप प्रणालीची जुनी आवृत्ती आहे व तीत ती जागा शाबूत आहे. सोमवारच्या अपडेटने जुन्या फायली आपोआप ‘सुधारल्या’ जातील आणि ते उलटवता येणार नाही, असे आपल्याच सूचनेत आनंदाने म्हटले आहे. सबब मी आज यंत्राची नेटवर्कची तार उपटून पिशवीत ठेवली आहे. हा नियमभंग असल्याचे मला ठाऊक आहे. कारवाईसाठी प्रदर्शनानंतर केव्हाही बोलवावे, डबा घेऊन येईन.

९. ताईशेजारची खुर्ची आपल्यासाठी राखली आहे. जरूर यावे. द्वारपालाने “कोण?” म्हटल्यावर आपणांस वाटेल की काहीतरी बिघडले आहे. कृपया कोणालाही फोन लावू नये. थांबावे.

आपली, नम्रपणे हट्टाला पेटलेली,

(सही)
चित्रकार, दुसरा मजला, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : शुक्रवार, कचेरी सुटण्यापूर्वी

सोबत :
(अ) माशीची प्रमुख भूमिका असलेली आवृत्ती.
(आ) जुन्या यंत्रावरील आवृत्ती. सवडीने पाहावी.